लाल टोपी, केशरी टोपी

“फोटो कुणाचा टाकायचा?”

फ्लेक्सच्या दुकानातल्या पोराचा पहिला प्रश्न हा. मी म्हटलं, फोटो नाही टाकायचा. त्यानं कॉम्प्युटरवरची मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. सांगलीत फ्लेक्स म्हणजे एकतर वाढदिवस, नाहीतर निवड, नाहीतर भावपूर्ण श्रद्धांजली. बिनफोटोचा फ्लेक्स छापायला आलेली बाई त्याला पहिल्यांदाच भेटली असावी. “मग शुभेच्छुकांची नावं?” म्हणाला. छापायचं होतं ते पुण्यातल्या परिषदेसाठीचं माझं पोस्टर. त्यावर शीर्षकाखाली चार नावं होती. माझं, आमच्या इन्चार्ज सिस्टरचं, फार्मासिस्टचं आणि मिरजेच्या सरांचं. तसं बघायला गेलं तर शुभेच्छुकच की.

पोस्टर म्हणजे काय हे मला अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करताना आम्ही ढिगानं पोस्टरं केली होती. स्तनपान सप्ताह, क्षयरोग दिन, हात धुवा. कार्डशीट, स्केचपेन, कडेनं वेलबुट्टी. पण परिषदेतलं पोस्टर म्हणजे तुम्ही काय शोधलंत, कसं शोधलंत आणि काय सापडलं, हे उभ्याउभ्या वाचणाऱ्या माणसाला दोन-तीन मिनिटांत कळलं पाहिजे. वेलबुट्टीला जागा नसते. हे कळायला मला आठ महिने लागले, आणि त्यातले निम्मे तर काय काढून टाकायचं हे ठरवण्यातच गेले.

मी तासगावच्या बाजूला एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. बीपी-शुगरच्या ओपीडीत इन्सुलिन सुरू झालेल्या पेशंटना टोचायचं शिकवणं हे माझं टेबल. तिथं एक आबा यायचे. शुगर काही केल्या खाली येईना. डॉक्टरांनी डोस वाढवला, पुढच्या वेळी परत वाढवला. पथ्य बघितलं, टोचायची जागा बघितली, सगळं ठीक. एक दिवस गोळ्यांसाठी आबांनी पिशवी खिडकीत रिकामी केली आणि आमच्या फार्मासिस्टचं लक्ष गेलं. सिरिंजला टोपी केशरी होती.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या बऱ्याचदा यू-४० असतात, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. पेनमध्ये घालायच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन यू-१०० असतं, १ मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन जातीच्या. यू-४० ची लाल टोपीची, यू-१०० ची केशरी टोपीची. केशरी सिरिंजवर २० चा आकडा येतो तेव्हा आत ०.२ मिली भरलेलं असतं. आमच्या बाटलीतलं ०.२ मिली म्हणजे फक्त ८ युनिट. आबा इमानेइतबारे “वीस युनिट घेतो” म्हणत होते, आणि जात होते आठ. उलटं झालं तर त्याहून वाईट. यू-१०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं तर ५० युनिट जातं.

मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. शुगर उतरत नाही म्हणून डोस वाढवत नेलेला. उद्या कुणी चांगल्या मनानं आबांना बरोबर सिरिंज दिली असती आणि डोस तोच ठेवला असता, तर? वाढवलेलं सगळं इन्सुलिन अंगात गेलं असतं आणि शुगर धोक्याइतकी उतरली असती.

मिरजेतल्या एका कॉलेजात शिकवणारे सर आमच्या प्रशिक्षणाला आले होते. चहाच्या वेळी मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, “असे किती आहेत तुमच्याकडं?” मी म्हटलं, माहीत नाही. “मग मोज. पुढच्या वर्षी पुण्यात परिषद आहे, पोस्टर टाक.” मी म्हटलं, सर, मला रिसर्चमधलं काय कळतंय? तर म्हणाले, “काय विचारायचं ते तुला कळतंय. कसं मोजायचं ते मी बघतो.” मिरजेच्या माणसांना वैद्यकीचा थोडा माज असतो, आणि तो शोभतोही. वानलेस डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल तिथं १८९४ मध्ये सुरू झालं. गावात सतारी बनवणारे जितके प्रसिद्ध, तितकेच ऑपरेशन करणारेही.

मला वाटलं, कागद छापायचे, ओपीडीत वाटायचे, झालं. तर सर म्हणाले, आधी एथिक्स कमिटी, म्हणजे अभ्यासातल्या माणसांचं हित बघून परवानगी देणारी समिती. मी जरा वैतागलेच. नुसते प्रश्न विचारायला परवानगी? रोज विचारतेच की मी! पण आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. माणसांवरचा अभ्यास कमी जोखमीचा असला तरी कमिटीपुढं जातो, फार तर त्याची पाहणी लवकर होते. सरांच्या कॉलेजच्या कमिटीमार्फत अर्ज गेला. महिन्याभरानं त्यांचे प्रश्न आले. माहितीपत्रक मराठीत कुठं आहे? भरलेले कागद कोण, किती वर्षं, कुठल्या कपाटात ठेवणार? आणि तिसरा प्रश्न असा होता: चुकीची सिरिंज वापरणारा माणूस सापडला तर तुम्ही काय करणार, नुसती नोंद करून त्याला घरी पाठवणार का?

तो प्रश्न वाचून माझा वैताग उतरला. मी आबांच्या बाबतीत जिला घाबरले होते तीच गोष्ट कुणीतरी टेबलापलीकडून विचारत होतं. आम्ही लिहून दिलं की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणार, डोस नव्यानं ठरल्यावरच सिरिंज बदलून देणार, आणि आठवड्यात परत बोलावणार. मंजुरी आली.

आता खरी फजिती सांगते.

माझ्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न होता, ‘इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवता का?’ दुसरा, ‘योग्य सिरिंज वापरता का?’ तिसरा, ‘टोचायची जागा बदलता का?’ तीन आठवडे मी हे विचारत होते आणि तीन आठवडे सगळे ‘हो’ म्हणत होते. माझे तक्ते इतके सुंदर भरत होते की मला शंका यायला हवी होती. उलट मी खूश होते. आपण शिकवतो ते लोक ऐकतात, असं वाटत होतं.

एके दिवशी एक अक्का येऊन गेल्या. “ठेवतो की फ्रिजात,” असं ठणकावून सांगून गेल्या. त्या गेल्यावर फरशी पुसणाऱ्या आमच्या मावशी, त्यांच्याच गावच्या, हातातला पोछा तसाच धरून म्हणाल्या, “सिस्टर, तिच्या घरात फ्रिज कवा आला?”

मी कागद खाली ठेवला. अक्का खोटारड्या नव्हत्या. पांढऱ्या कपड्यातली बाई विचारतेय म्हटल्यावर त्यांनी शाळेत देतात तसं उत्तर दिलं होतं. बरोबर उत्तर माझ्या प्रश्नातच होतं, त्यांनी ते उचलून मला परत दिलं, इतकंच.

मी प्रश्न बदलला. ‘आज सकाळी बाटली कुठनं काढली?’ आणि त्याच्यापुढं, ‘पिशवी दाखवता का?’ मग जे निघायला लागलं ते ऐकून मला रात्री झोप येईना. कुणाचं इन्सुलिन शेजारच्यांच्या फ्रिजात. सकाळी ठीक, पण रात्री नऊला लोकांचं दार कशाला वाजवायचं म्हणून रात्रीचा डोस चुकायचा. कुणाचं बर्फाच्या खणात, कारण जितकं गार तितकं चांगलं. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी कामाचं राहत नाही, ते टाकूनच द्यायचं असतं. पण बाटलीकडं बघून काही कळत नाही. कुणाचं देवघरात, तिथं गारवा असतो म्हणून. कुणाचं खुंटीला पिशवीत. आणि बऱ्याच जणांचं माठाच्या बुडाशी, ओल्या वाळूत.

माठवाल्यांना मी आधी रागावणार होते. सरांनी थांबवलं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची हे खरं. पण वापरात काढलेली बाटली साधारण ४ आठवडे घरातल्या हवेत चालते, हवा फार तापलेली नसेल तर. आमच्याकडं मार्चपासून पत्र्याच्या खोलीत जे होतं त्याला घरातली हवा म्हणत नाहीत. तिथं ओल्या मातीचं भांडं काही अंश तरी उतरवतं. कोरड्या उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात हवेतच ओल असते तेव्हा कमी. म्हणजे ज्या अक्कांनी माझ्याशी फ्रिजची थाप मारली त्या घरी माठाच्या बुडाशी ठेवत होत्या ते तितकंसं वाईट नव्हतं. शेतावर वस्ती असलेल्या एका तात्यांनी तर मलाच सुनावलं, “बेदाण्याला कोल्ड स्टोरेज हाय सिस्टर, आमच्या इन्सुलिनला न्हाई.”

सरांना फोन केला. म्हटलं, आता नवे प्रश्न विचारते आणि जुने तीन आठवडे त्यातच धरते. ते शांतपणे म्हणाले, “जुने कागद बाजूला ठेव. ते यात येणार नाहीत.” तीन आठवडे! ड्युटी संपल्यावर थांबून भरलेले! मी एसटी स्टँडवर बसून अक्षरशः रडले. शिवाय प्रश्नावली बदलली म्हणजे कमिटीला परत कळवायचं आणि त्यांचं पत्र येईपर्यंत पुढं जायचं नाही. इकडं ॲबस्ट्रॅक्टची, म्हणजे परिषदेला आधी पाठवायच्या गोषवाऱ्याची, मुदत जवळ येत होती.

ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे २५० शब्द. मराठी माध्यमातल्या माणसाला इंग्रजीत २५० शब्द लिहिणं अवघड वाटतं. मला विचाराल तर २५० वर थांबणं अवघड. माझा पहिला मसुदा सहाशेच्या पुढं गेला होता. शेवटी लिहिलं होतं, ‘निष्कर्षांची चर्चा केली जाईल’. हे वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तरी ॲबस्ट्रॅक्टवरून उचललं होतं, भारदस्त वाटलं म्हणून. सरांनी तांबडी रेघ मारली. निष्कर्ष असतील तर लिही, नसतील तर पाठवू नको. आणखी एका ठिकाणी अडले. ‘शेजारणीचा फ्रिज’ हे इंग्रजीत लिहिलं की नुसतं फ्रिज कुणाचा आहे तेवढंच उरतं. रात्री नऊला दार वाजवायचा संकोच त्यात येत नाही. तो एका वेगळ्या वाक्यात घालावा लागला आणि त्यासाठी प्रस्तावनेतलं एक वाक्य बळी गेलं.

स्वीकारल्याची मेल आली तेव्हा मी ड्युटीवर होते. बघितली परतीच्या गाडीत, मणेराजुरीच्या अलीकडं. शेजारच्या बाईंना दाखवली. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी पर्समधून खडीसाखर काढून हातावर ठेवली.

मग पोस्टर. पॉवरपॉइंटमध्ये एकच मोठी स्लाइड करायची आणि तिच्यावर सगळं मांडायचं, हे भाच्यानं शिकवलं. मी मांडलं. चौदाशे शब्द झाले. सुरुवात केली होती १९२१ पासून: टोरोंटोमध्ये इन्सुलिन शोधणारे बँटिंग आणि बेस्ट, मग १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला दिलेलं पहिलं इंजेक्शन. मला तो मुलगा फार आवडतो. दर वेळी नवीन पेशंटला मी त्याची गोष्ट सांगते. सरांनी विचारलं, “याचा तुझ्या सिरिंजशी काय संबंध?” थॉम्पसन गेला.

त्यानंतर गाठी गेल्या. एकाच जागी टोचत राहिलं की तिथं चरबीची घट्ट गाठ होते. तिच्यावर टोचलं तर दुखत नाही, म्हणून माणूस तिथंच टोचतो, आणि इन्सुलिन कधी लागू पडतं, कधी नाही. यावर माझ्याकडं चांगल्या नोंदी होत्या. पण एका पोस्टरमध्ये साठवण, सिरिंज आणि गाठी असं तिन्ही घेतलं तर बघणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही, असं सरांचं म्हणणं. गाठी काढताना मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. अजूनही मला वाटतं, एक लहान चौकट ठेवता आली असती.

आकड्यांवरूनही वाद झाला. मला कुणीतरी सांगितलं होतं की पी-व्हॅल्यू, म्हणजे तुलनेत दिसलेला फरक नुसता योगायोग असू शकतो का हे सांगणारा आकडा, नसेल तर परीक्षक बघतही नाहीत. मी भाच्याला धरून एक्सेलमध्ये कसलीतरी काढली. सर म्हणाले, “तू कुणाची कुणाशी तुलना केलीस?” कुणाचीच नाही. मी फक्त मोजलं होतं. मग पी-व्हॅल्यू कशाची? तीही गेली. टक्केही जिथं जमलं तिथं काढून टाकले. दहापैकी सात हे दहापैकी सातच लिहायचं, सत्तर टक्के म्हटलं की उगीच गाव मोठं दिसतं. याच कारणानं आमचे आकडे मी इथंही देत नाही. एका टेबलावरचा काही महिन्यांचा हिशेब आहे; तो बाहेर पडला की लगेच ‘सांगलीत इतके टक्के’ होऊन फिरायला लागतो.

एक युक्ती मात्र मी सगळ्यांना सांगते. ए-झिरो आकाराचं पोस्टर साध्या ए-फोर कागदावर छापलं की प्रत्येक अक्षर बरोबर चौथाईचं होतं. तो कागद हातात धरून चष्म्यासकट वाचता आला, तर पोस्टर चार पावलांवरून वाचता येतं. माझा पहिला कागद माझ्या सासूबाईंनी बघितला आणि विचारलं, “ही मुंग्यांची रांग कसली?” चौदाशेचे साडेचारशे शब्द त्या एका वाक्यानं झाले.

मधल्या जागेत सिरिंजचं चित्र टाकायचं ठरलं. पण ४० आणि १०० चा हिशेब चित्रात कसा दाखवायचा? हे मला बेदाण्यावाल्या तात्यांनी शिकवलं. मी त्यांना समजावत होते, बाटली वेगळी, सिरिंज वेगळी, म्हणून आकडा फसवा. ते म्हणाले, “म्हंजे औषधाचं मापाचं टोपण एका बाटलीचं आन औषध दुसऱ्या बाटलीचं. टाकी बिघडणारच की.” द्राक्षवाला माणूस. द्राक्षावर मारायचं जीए किती पीपीएमचं आणि टाकी किती लिटरची हे तो झोपेतही सांगेल. त्याला मी दशांश चिन्ह काढून दाखवत बसले होते. मी घरी येऊन तसंच चित्र काढलं: दोन बाटल्या, दोन सिरिंज, चार बाण. सरळ जाणारे दोन हिरवे, तिरके जाणारे दोन तांबडे, आणि तिरक्या बाणांच्या टोकाला ‘२० चे ८’ आणि ‘२० चे ५०’. बाजूला माठाचा फोटो, घरच्या माणसांची सही घेऊन काढलेला. फोटोत कुणाचा हातसुद्धा नाही.

अशी ती फाइल पेनड्राइव्हवर घालून मी सांगलीला त्या दुकानात गेले. पोरगं हुशार होतं, हात विजेसारखा चालत होता. पांढरी पार्श्वभूमी त्याला अजिबात पटली नाही. “मॅडम, मागं जरा शेड टाकू? सूर्यकिरणं टाकू?” नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स घेऊन आले आणि ओपीडीच्या टेबलावर उलगडला. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “माठ बसका का दिसतोय? कुंभार बदललास?”

चूक माझी होती. आयोजकांनी मेलमध्ये माप दिलं होतं ३ फूट बाय ४ फूट. मी इंटरनेटवर बघून ए-झिरो केलं होतं, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. दोन्ही जवळजवळ सारखंच, असं मला वाटलं. तसं नसतं. ए-झिरो अंगानं जरा सडसडीत. पोरानं ते ओढून ३ बाय ४ मध्ये बसवलं आणि सगळं आडवं पसरलं.

माठाचं एक वेळ चाललं असतं. पण इन्चार्ज सिस्टरनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सिरिंजच्या चित्रावर बोट ठेवलं. “यातली लाल कुठली आणि केशरी कुठली?”

मी बघितलं. दोन्ही विटकरी. पडद्यावरचे रंग उजेडाचे असतात, छापलेले शाईचे. पडद्यावर झळाळणारा केशरी शाईत उतरताना बसतो, हे त्या पोराला ठाऊक होतं, मला नव्हतं. माझ्या सगळ्या पोस्टरचा जीव त्या दोन टोप्यांच्या रंगात होता आणि दोन्ही टोप्या एकसारख्या छापून आल्या होत्या. पैसे गेले, दिवस गेला, आणि पुण्याला जायला चार दिवस राहिलेले.

संध्याकाळी मी तो फ्लेक्स घरी भिंतीला टेकवून बघत बसले होते. लाइट गेली होती. खिडकीच्या उजेडात खरी सिरिंज हातात घेऊन बघितली, आधी लाल टोपीची, मग केशरी. मला कळत होतं कुठली कुठली, कारण मला माहीत होतं. सासूबाईंच्या हातात दिली. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्यांनी दोन्ही टोप्या डोळ्यांजवळ नेल्या आणि म्हणाल्या, “दोन्ही तांबड्याच हायत.”

आमचे निम्म्याहून जास्त पेशंट त्यांच्या वयाचे. आणि आम्ही गेली कित्येक वर्षं त्यांना काय सांगतोय? “आजी, लाल टोपीची घ्यायची हां.”

रात्री चित्र बदललं. टोप्यांचे रंग राहू दिले, पण प्रत्येक सिरिंजच्या पोटावर ४० आणि १०० हे आकडे बोटभर उंचीचे टाकले, बाटल्यांवरही तेच. चाळीसला चाळीस, शंभरला शंभर. बाणांचा हिरवा-तांबडाही काढला, सरळ बाण जाड केले आणि तिरके तुटक. रंग अजिबात दिसला नाही तरी चित्र वाचता यावं, एवढं बघितलं. अभ्यासात काय राहिलं ते सांगणाऱ्या मर्यादांच्या चौकटीत एक ओळ घातली की आम्ही पेशंटना टोपीचा रंग ओळखता येतो का हे तपासलेलं नाही. सरांना पाठवलं. त्यांचं उत्तर एकच शब्द होतं, “छाप.”

या वेळी मी त्या पोराच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. तीन बाय चारची स्लाइड घरूनच करून नेली होती. त्यानं आधी वीतभर तुकडा छापून दाखवला. निघताना त्यानं सवयीनं चारी कोपऱ्यांना पितळी रिंगा ठोकल्या. मी म्हटलं, अरे, याला खांबाला नाही बांधायचं. “असू द्या मॅडम,” म्हणाला, “कुठंबी उपयोगी पडतंय.”

पोस्टर न्यायला लोक काळी नळी विकत घेतात म्हणे. आमच्या ह्यांनी विहिरीच्या लाइनीतला उरलेला चार इंची पीव्हीसी पाइप सव्वातीन फूट कापला आणि दोन्ही टोकांना बुचं बसवली. पेठ नाक्याला पुण्याची एसटी धरली. कंडक्टरनं माझं महिला सन्मानचं अर्धं तिकीट फाडलं आणि पायपाकडं बघून म्हणाला, “ह्याला हाफ न्हाई बसत.” आत काय आहे विचारलं. इन्सुलिनचं पोस्टर म्हटल्यावर पाइप राहिला बाजूलाच. खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत तो आपल्या आईच्या शुगरबद्दल विचारत होता. आई बाटली कुठं ठेवते विचारलं तर म्हणाला, “फ्रिजात.” मी विचारलं, फ्रिजात कुठं? तो गप्प झाला. मग सिटा मोजायला पुढं गेला, आणि परत येताना म्हणाला, “घरी फोन लावून बघतो.”

परिषदेत माझी जागा चहाच्या टेबलाशेजारी होती. आधी वाईट वाटलं, मग कळलं की नशीब काढलं. सभागृहाच्या मधोमध ज्यांची पोस्टरं होती त्यांच्यापुढून लोक झपाझप जात होते. माझ्यापुढं कप हातात घेऊन थांबत होते. आयोजकांनी दुहेरी चिकटपट्टी दिली होती. कागदी पोस्टरांना ती पुरली. माझा फ्लेक्स जड, दहा मिनिटांत वरचा कोपरा सुटला, मग दुसरा, मग सगळाच खाली. जखमेवर लावायची मायक्रोपोर पट्टी लावून बघितली, ती काय धरतेय? शेवटी पर्समध्ये गॉज बँडेज होतं ते रिंगांतून ओवून बोर्डाच्या पायांना बांधलं. त्या पोराची आठवण काढली.

परीक्षक दोघं होते. तीन मिनिटं बोलायचं, दोन मिनिटं प्रश्न. मी पाठ केलेलं इंग्रजी पहिल्या दोन वाक्यांत संपलं. त्यांतल्या बाई म्हणाल्या, मराठीत सांगा. मग मी सांगितलं, फरशी पुसणाऱ्या मावशींपासून. बाईंनी विचारलं, पहिल्यांदा लोक खोटं बोलले, दुसऱ्यांदा खरं बोलले हे कशावरून? मी म्हटलं, साठवणीचं नाही सांगता येणार, मी घरी जाऊन बघितलेलं नाही. सिरिंजचं सांगते, कारण ती पिशवीतून काढून बघितली. दुसऱ्या परीक्षकांनी विचारलं, केशरी सिरिंज त्यांच्याकडं आली कुठून, मेडिकलमधून की आणखी कुठून? ते मी विचारलंच नव्हतं. आठ महिन्यांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. तसं सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

बक्षीस मिळालं नाही. चंद्रपूरकडची एक सिस्टर मात्र माठाच्या फोटोपुढं बराच वेळ उभी होती. त्यांच्याकडचा उन्हाळा आमच्यापेक्षा कडक. “आमच्याकडं लोक सांगतच नाहीत माठात ठेवतो म्हणून,” म्हणाली. मी तिला प्रश्न कसा विचारायचा ते सांगितलं. तिनं तो मोबाइलमध्ये लिहून घेतला, अगदी माझ्याच शब्दांत, ‘आज सकाळी बाटली कुठनं काढली?’

आता आमचे फार्मासिस्ट बाटलीच्या खोक्यावर मार्करनं ठळक ४० काढतात. आजींना आम्ही रंग सांगत नाही, आकडा जुळवायला सांगतो. वाचता येत नसेल त्यांना आकड्याचा आकार दाखवतो. चाराचं वळण सगळ्यांना ओळखू येतं. केशरी सिरिंज कुठून येते याचे कागद मी परत भरायला घेतलेत, आणि त्याची परवानगी या वेळी आधी मागितली.

फ्लेक्स घरी आणला. पूर्ण इंग्रजीत असल्यामुळं ओपीडीत लावून उपयोग नव्हता. मधलं सिरिंजचं चित्र तेवढं कापून इंजेक्शनच्या खोलीत लावलं. त्यात आकडे आणि बाणच आहेत. उरलेला तुकडा ह्यांनी उचलला. पावसाळ्यात तो गाडीवर असतो, मधलं भोक आरशातून ओवून, दोन्ही टोकांना रिंगांत सुतळी. शीर्षक हेडलाइटवर येतं, चारी शुभेच्छुक पुढच्या चाकाशी, आणि मर्यादांची चौकट बरोबर सीटवर.